केअर ऑफ ५६ एपीओ : पत्त्यात गाव नसलेल्या माणसाशी पत्रव्यवहार

माणगंगाकाठ (धागालेखिका)

नमस्कार. माझे वडील मराठा लाइट इन्फंट्रीत होते आणि १९८७ च्या दिवाळीपासून १९८९ च्या उन्हाळ्यापर्यंत, मध्ये एकदाच मिळालेली रजा सोडली तर, भारतीय शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत होते. ते २०१४ मध्ये गेले. मागच्या महिन्यात माळ्यावरची त्यांची काळी लोखंडी ट्रंक खाली उतरवली, तेव्हा गणवेशाच्या जुन्या जर्सीखाली सुतळीने बांधलेला पत्रांचा गठ्ठा सापडला. एकंदर ४१ पत्रे आहेत. बहुतेक आजोबांच्या नावाने आहेत, थोडी आईच्या नावाने आहेत आणि एक माझ्याही नावाने आहे, जेव्हा मला वाचताही येत नव्हते.

ही पत्रे मी तीन रात्री बसून वाचली, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर पहिल्या रात्री माझी थोडी निराशा झाली. युद्धावर गेलेल्या माणसाच्या पत्रांत युद्ध असेल अशी माझी समजूत होती. येथे प्रत्येक पत्राचा आरंभ 'तीर्थरूप दादांचे सेवेशी साष्टांग नमस्कार' असा आहे, पुढे 'मी येथे खुशाल आहे, काळजी नसावी', आणि त्यानंतर सगळे प्रश्न घरचे आहेत. विहिरीला पाणी किती आहे, ज्वारी किती पोती झाली, थोरल्या म्हशीचे काय झाले, सोसायटीच्या कर्जाचा हप्ता भरला का, पोरीला गोवर येऊन गेला का. स्वतः कोठे आहेत, काय पाहिले, कोणाशी लढले, याविषयी अवाक्षर नाही. जाफना हे नाव ४१ पत्रांत एकदाही येत नाही. 'इकडे उकाडा फार आहे आणि नारळ पुष्कळ आहेत' एवढ्या एका वाक्यावरून जे काय ओळखायचे ते ओळखावे लागते.

घरून गेलेल्या पत्रांवरचा पत्ता मात्र मला आजही तोंडपाठ आहे, कारण आमच्या घरात तो देवघराच्या शेजारी भिंतीवर कोळशाने लिहिलेला होता : शिपाई क्रमांक, हुद्दा, नाव, पलटणीचे नाव, आणि शेवटी 'केअर ऑफ ५६ एपीओ'. लहानपणी मला ते एखाद्या गावाचे नाव वाटे. शाळेत भूगोलाच्या तासाला नकाशात छप्पन्न एपीओ शोधल्याचे मला आठवते. वडील पुढे काश्मीरमध्ये गेले, नंतर राजस्थानात गेले, आणि भिंतीवरचा पत्ता तोच राहिला.

जाणकारांना काही विचारायचे आहे. गावाचे नावच नसलेले हे पत्र नेमक्या माणसाच्या हातात कसे पोहोचत असे? वडिलांच्या पत्रांवर जे टपालाचे शिक्के आहेत, त्यांवर 'एफपीओ' आणि पुढे आकडा एवढेच दिसते, आणि दीड वर्षांत हा आकडा तीनदा बदललेला आहे. तो ठिकाणाचा क्रमांक असेल, तर त्यावरून ते कोठे कोठे होते हे शोधता येईल का? आणखी एक गोष्ट मला उलगडलेली नाही. प्रत्येक पत्राच्या उजव्या कोपऱ्यात, तारखेच्या वर, बारीक अक्षरात एक आकडा आहे. पहिल्या पत्रावर १ आहे, शेवटच्या पत्रावर ४४ आहे. ११, १८ आणि २९ हे आकडे गठ्ठ्यात नाहीत. आईला विचारले, तर तिने 'असेल काहीतरी' म्हणून विषय बदलला. ती या काळाविषयी फारशी बोलत नाही, आणि मीही तिला फार छेडत नाही.

---

निवृत्त टपाली

ताई, आपला धागा वाचून राहवले नाही. मी टपाल खात्यात सॉर्टर म्हणून लागलो आणि पुढे प्रतिनियुक्तीवर काही वर्षे सेना डाक सेवेत काढली. आमचे प्रशिक्षण नागपूरजवळ कामठीला झाले. तेथेच या सेवेचे केंद्र आहे, ही गोष्ट आपल्याकडे फार थोड्या लोकांना ठाऊक असते. सेना डाक सेवेतील बहुतांश माणसे मूळची टपाल खात्यातलीच असतात. गणवेश चढतो, हुद्दा मिळतो, पण हाताला सवय असते ती थैली फोडण्याची आणि खण भरण्याची.

५६ एपीओ हे गाव नाही हे आपल्याला आता कळलेच आहे. एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस, आणि ५६ एपीओ हा दिल्लीच्या केंद्रीय तळ टपाल कार्यालयाचा पत्ता आहे. पूर्वेकडच्या तुकड्यांसाठी असेच दुसरे कार्यालय कोलकात्याला आहे, त्याचा पत्ता ९९ एपीओ. आपल्या आजोबांनी गावच्या पेटीत टाकलेले पत्र आधी साताऱ्याला, तेथून रेल्वेच्या टपालाने दिल्लीला जात असे. गावच्या पोस्टमास्तराला, साताऱ्याच्या सॉर्टरला किंवा रेल्वेतल्या माणसाला पलटण कोठे आहे हे माहीत असण्याची गरजच नव्हती, आणि त्यांना ते माहीत असू नये हाच या पत्त्याचा हेतू होता. कोणती पलटण सध्या कोणत्या फील्ड पोस्ट ऑफिसाशी (आपल्या शिक्क्यावरचे एफपीओ) जोडलेली आहे, याची यादी दिल्लीत असते. ती गोपनीय असते आणि सतत बदलत राहते. तिथला सॉर्टर पलटणीचे नाव वाचतो आणि पत्र योग्य थैलीत टाकतो. थैली फील्ड पोस्ट ऑफिसात पोहोचते, पलटणीचा टपाल ऑर्डर्ली तेथे येऊन आपल्या पलटणीची डाक उचलतो, आणि मग कंपनी, प्लाटून, चौकी असे करत ती माणसापर्यंत जाते. श्रीलंकेच्या वेळी माणसे आणि रसद मद्रासहून विमानाने जाफन्याजवळच्या पलालीच्या धावपट्टीवर उतरत असत. फौजेची डाक रसदीच्या वाटेनेच चालते. वाट बंद झाली की डाकही बंद होते, आणि वाट उघडली की आठ-पंधरा दिवसांची एकदम येते.

शिक्क्याविषयी आपल्याला थोडे नाउमेद करावे लागणार आहे. एफपीओच्या पुढचा आकडा ठिकाणाचा नसतो, त्या कार्यालयाचा असतो, आणि हे कार्यालय ज्या ब्रिगेडला किंवा डिव्हिजनला दिलेले असते तिच्याबरोबर फिरते. आज तंबूत, उद्या शाळेच्या पडक्या खोलीत, परवा ट्रकच्या हौद्यात. आकडा तोच राहून जागा बदलू शकते, आणि जागा तीच राहून पलटण दुसऱ्या ब्रिगेडखाली गेली की आकडा बदलू शकतो. त्यामुळे आकडा बदलला म्हणजे ठिकाण बदलले असे धरून चालू नका. तीनदा त्यांची जोडणी बदलली एवढेच त्यावरून निश्चित सांगता येते.

आपल्या प्रांताचा या व्यवस्थेशी संबंध फार जुना आहे. मुंबई इलाख्याची फौज १८५६ मध्ये इराणच्या आखातात बुशेहरवर चालून गेली, तेव्हा तिच्याबरोबर एक पोस्टमास्तर आणि कारकून पाठवले गेले. भारतातील फौजी टपालाचा आरंभ तेथून धरतात. स्वतंत्र कोअर म्हणून सेना डाक सेवेला १ मार्च १९७२ रोजी मान्यता मिळाली. म्हणजे ११६ वर्षे हे काम कोणाच्या ना कोणाच्या पदराखाली चालू होते.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगतो. रणांगणावर शिधा कमी आला तर जवान कुरकुर करतो, पण डाक आली नाही तर गप्प होतो. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेले आहे. आम्ही थैली फोडत असताना तंबूच्या दाराशी जी माणसे उभी राहत, ती काही विचारत नसत. आमच्या हातांकडे बघत असत. ज्याचे पत्र नसे, तो दुसऱ्याच्या पत्रात आपल्या तालुक्यातल्या पावसाची बातमी आहे का, हे विचारण्यासाठी मागे राहत असे.

---

अंगणवेल

कोपऱ्यातल्या आकड्याचा उलगडा मी करू शकते, कारण माझ्या यजमानांची पत्रेही अशीच आहेत आणि मी त्यांना लिहिलेल्या पत्रांवरही असेच आकडे असत.

टपाल क्रमाने येत नाही. टपालीकाकांनी सांगितले तसे, वाट बंद असली की साचते आणि मग एकाच दिवशी चार पत्रे हातात पडतात, त्यातही कधी मधलेच मागे राहते. समजा, एका पत्रात 'बाबांना दवाखान्यात ठेवले आहे' असे लिहिले आहे आणि पुढच्या पत्रात 'बाबा आता घरी आले' असे आहे, आणि दुसरे आधी पोहोचले, तर वाचणाऱ्याला काहीच संदर्भ लागत नाही. पहिलेच फक्त पोहोचले आणि दुसरे राहिले, तर त्या माणसाने पुढचे पंधरा दिवस कसे काढायचे? म्हणून क्रमांक घालायचा, आणि उत्तरात आरंभीच लिहायचे की तुमचे २१ पर्यंतचे मिळाले, १९ मिळाले नाही. मग समोरचा १९ मधला मजकूर थोडक्यात पुन्हा कळवतो. लग्न झाल्यावर पहिल्या रजेत यजमानांनी मला ही रीत शिकवली होती. आपल्या वडिलांचे ११, १८ आणि २९ क्रमांकाचे पत्र कदाचित पोहोचलेच नसेल. १२ व्या आणि १९ व्या पत्रात मागचा मजकूर पुन्हा आला आहे का, ते पाहा.

आपण लिहिले आहे की पत्रांत युद्ध नाही म्हणून निराशा झाली. यावर मला थोडे सविस्तर लिहावेसे वाटते. १९९९ च्या मे महिन्यात, कारगिल युद्धाच्या वेळी, यजमानांची पलटण द्रासला होती. आमचे गाव कोल्हापूर जिल्ह्यात. तोवर टीव्ही घरोघरी आला होता, आणि तोलोलिंग, टायगर हिल ही नावे आमच्या सासूबाईंनाही पाठ झाली होती. ठिकाणाचे नाव पत्रात न लिहिण्याचा काहीच उपयोग उरला नव्हता, कारण सगळे रोज संध्याकाळी दिसत होते. त्या अडीच महिन्यांत मला त्यांची पाच पत्रे आली. त्यांपैकी एकातही डोंगर नाही, तोफ नाही. मुलाच्या शाळेच्या प्रवेशाचा अर्ज कोणाकडून भरून घ्यायचा, याविषयी मात्र दीड पान आहे. त्या वेळी मला रागही आला होता. पुढे कळले की त्या दीड पानाच्या वेळी ते जेथे बसले होते, तेथे आपण मुलाच्या शाळेचा विचार करणारा माणूस आहोत, हे त्यांना स्वतःलाच धरून ठेवायचे होते. मी त्यांना कधी विचारले नाही. त्यांनीच एकदा चहा पिताना सांगितले.

लपवणे हे एकाच बाजूने होत नसते. मीही त्यांना पुष्कळ गोष्टी कळवल्या नाहीत. वळवाच्या पावसात गोठ्याचे पत्रे उडाले, धाकटा दीर घरातून भांडून गेला, सासूबाईंच्या डोळ्यांचे निदान झाले. यांतले एकही मी लिहिले नाही, कारण सासरे म्हणत, तेथे बसून तो काय करणार आहे, त्याचे मन मात्र येथे येऊन अडकेल. मी सोमवारी आणि गुरुवारी लिहीत असे. लिहिण्यासारखे काही नसले तरी लिहीत असे, कारण नियमात खंड पडला तर त्यांना वाटेल की काहीतरी घडले आहे.

फोनची सोय होती असे म्हणायला हरकत नाही, पण ती त्यांच्या हातातली नव्हती. गावात किराणा दुकानात एकच एसटीडी बूथ होते. त्यांचा फोन त्या काळात दोनदा आला, दोन्ही वेळा दुकानदाराच्या मुलाने धावत येऊन सांगितले, आणि दोन्ही वेळा मी चपला न घालता पळाले. पहिला फोन मी पोहोचेपर्यंत तुटला होता. दुसऱ्या वेळी सासरे बोलले, सासूबाई बोलल्या, आणि माझ्या वाट्याला जेवढा वेळ आला त्यात दुकानातली दहा माणसे ऐकत उभी असताना मी 'जेवण वेळेवर करा' एवढेच म्हणू शकले. पत्रात मी यापेक्षा अधिक बोलत असे.

आणि एक भीती होती, ती आजच्या मुलींना सांगूनही कळणार नाही. आमच्या आधीच्या पिढीला तारेची भीती वाटे. पोस्टमन सायकलवरून उतरला आणि त्याच्या हातात तार असली, की वाचण्याआधीच घरात रडारड सुरू होत असे, मग ती तार रजा मंजूर झाल्याची का असेना. कारगिलच्या वेळी ती भीती जिल्ह्याच्या गाडीची झाली. शहीद जवानांचे पार्थिव घरी पोहोचवण्याची व्यवस्था त्याच युद्धात मोठ्या प्रमाणावर झाली. वेशीतून सरकारी जीप आत आली की पलटणीत माणूस असलेल्या प्रत्येक घरातली बाई दारात येऊन उभी राही आणि जीप कोणत्या आळीकडे वळते ते बघे.

---

उरमोडीकाठचा

येथे पत्रांची चर्चा चालली आहे, म्हणून आमच्या भागातला एक जुना धागा जोडतो. साताऱ्याजवळचे अपशिंगे हे गाव सरकारी कागदपत्रांतही 'अपशिंगे मिलिटरी' म्हणून ओळखले जाते. पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जण कामी आले, आणि त्यांच्या स्मरणार्थ इंग्रज सरकारने बसवलेला स्मृतिस्तंभ तेथे आहे. मी इतिहासाचा विद्यार्थी असल्यामुळे मला बरेच दिवस एक प्रश्न पडत असे : त्या ४६ जणांनी घरी काय लिहिले असेल?

फ्रान्सला गेलेल्या हिंदी फौजेची पत्रे आज वाचायला मिळतात, याचे कारण थोडे विचित्र आहे. १९१४ च्या अखेरीस इंग्रजांनी हिंदी सैनिकांची पत्रे तपासण्यासाठी स्वतंत्र कार्यालय उघडले. आठवड्याला दहा ते वीस हजार पत्रे लिहिली जात. तपासनीस त्यांतली काही वाचून, निवडक मजकुराचे इंग्रजी भाषांतर करून वरिष्ठांकडे अहवाल पाठवत. हे अहवाल जपले गेले. मूळ पत्रे, ज्या हस्ताक्षरात आणि ज्या बोलीत ती होती, ती बहुतेक गेली. शिवाय बहुसंख्य सैनिक निरक्षर होते, त्यामुळे एकाने सांगायचे, पलटणीतल्या दुसऱ्याने लिहायचे, तिसऱ्याने तपासायचे, आणि गावात पोहोचल्यावर चौथ्याने चावडीवर मोठ्याने वाचून दाखवायचे, असा तो प्रवास होता. अशा पत्रात माणूस बायकोशी काय बोलू शकेल? तरीही लोक वाट काढत. फ्रान्समधल्या पत्रांत 'काळी मिरी' आणि 'तांबडी मिरची' असे शब्द येतात, आणि तपासनिसांच्या लक्षात आले की काळी मिरी म्हणजे हिंदी सैनिक आणि तांबडी मिरची म्हणजे गोरे. काळी मिरी संपत आली, असे कोणी लिहिले, की समजायचे ते घरचे लोक समजत.

मराठा पलटणींचे बहुतेक युद्ध मात्र फ्रान्समध्ये नव्हे, मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये झाले. सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या तीन मराठा पलटणी होत्या. मुंबईहून आगबोटीने बसरा, आणि बसऱ्याहून नदीतल्या बोटींतून तैग्रिसच्या उगमाकडे, अशी त्यांची रसद आणि त्यांचे टपाल जात असे. ही डिव्हिजन ७ डिसेंबर १९१५ पासून कूत येथे तुर्कांच्या वेढ्यात सापडली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तिने शरणागती पत्करली. जवळजवळ पाच महिने नदीची वाट बंद होती. अधिकारी बिनतारी यंत्रावरून वरिष्ठांशी बोलत होते, परंतु कोकणातल्या आणि देशावरच्या शिपायाला त्या यंत्रावर जागा नव्हती. शरणागतीनंतर कैद्यांना वाळवंटातून उत्तरेकडे चालवत नेले आणि त्यांतले पुष्कळ जण वाटेत आणि पुढे छावण्यांत मेले.

आमच्या घराण्यातही एक जण त्या वेढ्यात होता, असे पणजीकडून ऐकत आलो. त्याचे पत्र कोणी पाहिलेले नाही. जे पोहोचत होते ते पगारातले घरी लावून दिलेले पैसे. मनिऑर्डरीच्या खालच्या कुपनावर दोन ओळी लिहायची सोय असे, आणि लिहिता न येणाऱ्या घराला तेवढ्याच पुरत. पणजी म्हणत असे की पैसे आले म्हणजे माणूस आहे. पैसे पलटणीच्या हिशेबातून आपोआप येतात, माणूस नसला तरी कागद पोहोचेपर्यंत काही महिने येत राहू शकतात, हे त्या घराला कोणी सांगितले नव्हते.

---

माणगंगाकाठ (धागालेखिका)

आपणा सर्वांचे मनापासून आभार. अंगणवेलताई, आपण सांगितल्याप्रमाणे मी पुन्हा सगळी पत्रे क्रमाने लावली. १२ व्या पत्रात खरोखर 'मागील पत्र पोचले नसल्याचे कळले, त्यातील मजकूर असा' म्हणून ११ व्या पत्राचा गोषवारा दिलेला आहे. ३० व्या पत्रातही तसेच आहे. १८ व्या पत्राविषयी मात्र पुढे काहीच उल्लेख नाही, म्हणजे ते घरी पोहोचले असावे. मग ते गठ्ठ्यात का नाही, हे कळत नाही.

कूतच्या कैद्यांविषयी वाचून एक प्रश्न मनात आला. शत्रूच्या कैदेत असलेल्या सैनिकाला घरी कळवण्याचा काही अधिकार असतो का?

---

सरहद्द

असतो. मी बावीस वर्षे पायदळात काढून निवृत्त झालो आहे आणि हा विषय आम्हाला शिकवला जातो. १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराच्या ७० व्या कलमाप्रमाणे, कैदी झाल्यावर छावणीत पोहोचल्यापासून जास्तीत जास्त एका आठवड्यात त्याला एक छापील कार्ड घरी आणि दुसरे जिनिव्हातील युद्धकैद्यांच्या केंद्रीय संस्थेकडे पाठवू दिले पाहिजे. ७१ व्या कलमाप्रमाणे त्यानंतर महिन्याला किमान दोन पत्रे आणि चार कार्डे लिहिण्याची मुभा असते, आणि ७४ व्या कलमाप्रमाणे या टपालाला तिकीट लागत नाही. १९७१ नंतर आपल्या ताब्यात सुमारे ९३,००० पाकिस्तानी कैदी होते आणि आपले काही वैमानिक व जवान त्यांच्या ताब्यात होते, त्यामुळे हे कलम दोन्ही बाजूंच्या घरांच्या कामी आले. कूतच्या लोकांच्या वेळी हा करार नव्हता. कागदावरचे कलम आणि प्रत्यक्षातली छावणी यांत अंतर असते, हे मान्य करूनही सांगतो की 'बेपत्ता' आणि 'कैदेत' या दोन शब्दांमधले अंतर ते एक कार्ड भरून काढते.

आता आजच्या परिस्थितीविषयी. बऱ्याच जणांना वाटते की मोबाइल आल्यावर हा प्रश्नच संपला. सियाचीनवर, जेथे आमच्या वेळी पत्र हेलिकॉप्टरने येई आणि हवामान बिघडले की येत नसे, तेथे १५,५०० फुटांहून उंचावर बीएसएनएलचा मनोरा ऑक्टोबर २०२३ मध्ये उभा राहिला. त्याआधी उपग्रह फोन होता, त्याचा दर २०१७ च्या दिवाळीत मिनिटाला एक रुपयावर आणला गेला. हे सगळे चांगलेच झाले. मी स्वतः त्या उपग्रह फोनच्या रांगेत थंडीने बोटे बधिर होईपर्यंत उभा राहिलो आहे, त्यामुळे सोयीची किंमत मला कोणी सांगायला नको.

पण फोनने एक गोष्ट उलटी केली, ती येथे नोंदवतो. पत्राच्या काळात पंधरा दिवसांची शांतता घराला सवयीची होती. आता एका संध्याकाळी फोन लागला नाही की पत्नी रात्रभर जागते, आणि गस्तीवर निघताना फोन तर जमाच करावा लागतो. मोहीम असली की त्या भागातले नेटवर्क बंद केले जाते, तेव्हा घरच्यांना बंद नेटवर्कवरूनच मोहीम सुरू असल्याचे समजते. दुसरे असे की, अंगणवेलताईंनी गोठ्याच्या पत्र्यांविषयी जे केले ते आता करता येत नाही. घरातले भांडण ज्या क्षणी होते त्याच क्षणी चौकीवर पोहोचते, आणि तो जवान पुढच्या तासाला हत्यार घेऊन पहाऱ्यावर उभा राहणार असतो. प्लाटूनचा हवालदार म्हणून मी माझ्या पोरांचे चेहरे त्यांच्या फोननंतर बघत असे, आणि कोणाला त्या रात्री जोडीदाराशिवाय एकटे ठेवायचे नाही हे त्यावरून ठरवत असे. समाजमाध्यमांवरून जागेचा सुगावा लागतो, म्हणून २०२० च्या जुलैमध्ये सैन्याने ८९ अ‍ॅप फोनमधून काढून टाकायला सांगितली, त्यांत फेसबुक आणि इन्स्टाग्रामही होते. त्या वेळी पुष्कळ घरांतून तक्रारी आल्या. मला मात्र त्यात नवे काही दिसले नाही. पत्त्यातून गावाचे नाव काढले होते, आता फोनमधून काढले, एवढेच.

---

तिकीटसंग्राहक

टपालाच्या बाजूने एक छोटी भर. परदेशी गेलेल्या भारतीय तुकड्यांच्या पत्रांवर परदेशातले नव्हे, आपलेच तिकीट चाले. १९५३ मध्ये युद्धकैद्यांच्या देखरेखीसाठी आपली फौज कोरियाला गेली, तेव्हा भारतीय तिकिटांवर 'भारतीय संरक्षा कटक कोरिया' अशी अक्षरे देवनागरीत छापली होती. पुढे काँगो आणि गाझा येथील फौजांसाठीही अशीच छापलेली तिकिटे निघाली. ताई, आपल्याकडची पाकिटे आणि आंतरदेशीय पत्रे कृपया प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका. दमटपणा धरून शाई पसरते. साध्या कागदाच्या घड्यांत, सुतळी सोडून, सपाट ठेवा.

---

माणगंगाकाठ (धागालेखिका)

सुतळी सोडली आहे आणि पत्रे आजोबांच्या जुन्या पंचांगांच्या पेटीत, कागदात घालून ठेवली आहेत.

गेल्या रविवारी मी आईला हा धागा पहिल्या ओळीपासून वाचून दाखवला. अंगणवेलताईंचा प्रतिसाद तिने दोनदा वाचायला लावला आणि जिल्ह्याच्या जीपचा भाग आला तेव्हा ती उठून आत गेली. थोड्या वेळाने बाहेर आली आणि आपण होऊन म्हणाली की १८ वे पत्र हरवलेले नाही.

ते पत्र १९८८ च्या उन्हाळ्यात आले होते. आमच्या शेजारच्या वाडीतला एक मुलगा वडिलांच्याच कंपनीत होता. वयाने लहान, अजून लग्न न झालेला, आणि लिहिण्याचा कंटाळा करणारा. त्याच्या आईला दोन महिने पत्र नव्हते, म्हणून आजोबांनी वडिलांना त्याच्याविषयी विचारले होते. १८ व्या पत्रात वडिलांनी उत्तर कळवले की तो आपल्याजवळच आहे, खुशाल आहे, काल रात्री एका ताटात जेवलो, आणि त्याला बसवून घरी पत्र लिहायला लावतो. आजोबा त्याच दिवशी पत्र घेऊन वाडीवर गेले आणि वाचून दाखवले. त्या माउलीने विचारले की हे दोन दिवस माझ्याकडे राहू दे, धाकट्याकडून पुन्हा वाचून घेते. आजोबांनी ठेवून दिले.

त्या मुलाचे पत्र आले नाही. नवव्या दिवशी तार आली.

आईने सांगितले की त्यानंतर आजोबांनी ते पत्र परत मागितले नाही आणि वडील रजेवर आले तेव्हा त्यांनीही मागितले नाही. ती बाई २००६ मध्ये गेली. तिच्या धाकट्या मुलाकडे मी काल जाऊन आले. पत्र त्याने देवघरातल्या फळीखाली, पितळी डब्यात ठेवलेले आहे. कोपऱ्यात १८ हा आकडा आहे, अक्षर वडिलांचे आहे, आणि घड्या इतक्या वेळा उघडल्या गेल्या आहेत की कागद तेथे विरून मागून चिकटपट्टी लावली आहे. त्याने मला ते देऊ केले. मी तेथेच बसून वाचले, आणि त्याच्या डब्यात परत ठेवले.